काकूंचा माइक आणि अडकलेला पंखा

"टॉवेल ठिबकतोय! फरशी कोण पुसणार?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारले.

पाठीवर ओला टॉवेल आणि कमरेला बिनतारी माइकची डबी अशा थाटात पुरावेकाका फ्रिजमागे उभे होते. भौतिकशास्त्र शिकवण्यातून ते निवृत्त झाले होते. पुरावा मागण्यातून मात्र नव्हे. "ठिबकू दे. माणूस म्हणजे बरंचसं पाणीच, आणि पाणी माइकच्या रेडिओलहरी शोषतं. तू पाठ फिरवलीस की माइक मुका होतो, त्याचं कारण तू आहेस."

"घ्या! तेही माझ्याच माथी!"

काकू समूहनृत्यात चाली पुकारत. सभागृहात जोड्याजोड्यांनी उभे राहिलेले लोक पुढे काय करायचे ते केवळ काकूंच्या तोंडून ऐकत आणि त्याच ठेक्यावर करत. "कान मला द्या, डोकं घरी ठेवून या," एवढाच काकूंचा नियम. पण घशाच्या डॉक्टरांनी आता सक्त ताकीद दिली होती: यापुढे ओरडलात तर आवाज कायमचा जाईल. जुना माइक गिरकीसरशी कानावरून घसरे, घाम आला की मौन धरी. "शनिवारी नव्या माइकने दगा दिला, तर मी पुकारणं सोडलं," असे सांगून काकू काकांकडे न बघताच आत गेल्या होत्या.

दुकानदाराने चाचणीसाठी दिलेल्या तिन्ही माइकना 'अद्भुत' म्हटले होते. ज्यांच्याकडचा पुरावा संपतो त्यांचा हा शब्द, असे काकांचे मत होते. पहिला माइक मान डोलावताच निसटला. दुसऱ्याचे मायक्रोवेव्हशी हाडवैर निघाले. तिसऱ्याने मात्र टॉवेल, फ्रिज आणि न्हाणीघराचे दार ओलांडून काकूंच्या गुळण्यासुद्धा खणखणीत पोहोचवल्या. काकांनी तो पसंत केला आणि चुकूनही बंद पडू नये म्हणून त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

शनिवारी तासभर काकू हळुवार बोलत होत्या आणि सभागृह डोलत होते. मग उकाडा वाढला. काका कोठीतून उभा पंखा आणायला गेले ते परतेनात. "गोल चालत राहा, आलेच मी," म्हणून काकू निघाल्या. मागे संगीत चालूच राहिले.

बोळाच्या टोकाला असलेल्या कोठीत, दोन कपाटांच्या मध्ये, पंखा अडकला होता आणि पंख्यामागे काका.

"अहो, डावीकडे या. अजून. आता वाका. किती वाकता! उजवा पाय मागे. आधी धूळ झटका… जोरात! हां, आता कवेत घ्या. उचला. अर्धं फिरवा. अर्धं म्हटलं ना मी!"

"कंबर धरली गं…"

"कण्हू नका. आणि सोडू नका, मी सांगेपर्यंत अजिबात सोडायचं नाही!"

पंखा कवटाळून काका सभागृहाच्या दारात आले आणि थिजले. किडकिडीत शिंप्याने धिप्पाड बेकरीवालीला कवेत उचलले होते. टपालवाल्या बाईंच्या कडेवर दंतवैद्य होते. प्रत्येकाचा उजवा पाय मागे, कपडे झटकलेले, चेहरे लालबुंद. सगळे अर्धेच फिरले होते.

"अगं बाई!" काकू पुटपुटल्या. "सोडा!"

धप्प! फरशी हादरली.

योगायोग एकदाच घडतो, हे काका जाणून होते. "पुन्हा एकदा," ते कुजबुजले. "अगदी हळू."

"वाका," काकू श्वासाइतक्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

अख्खे सभागृह वाऱ्याने शेत लवावे तसे लवले. इतकी माणसे, इतके अवघडलेले गुडघे, आणि मागे केवळ एक श्वास! काकांच्या अंगावर काटा आला. त्यांनी कारण शोधले. सापडले नाही.

"अद्भुत," ते म्हणाले.

काकूंनी चमकून पाहिले. लग्नानंतर काकांच्या तोंडून हा शब्द त्यांनी प्रथमच ऐकला होता. "डॉक्टरांना कळवा, मी पुकारणार," त्या म्हणाल्या.

"काकू, नवा नाच झकास!" शिंपी धापा टाकत ओरडला. "पण मधे कण्हत कोण होतं? ठेका त्यावरच तर जमला!"

तेव्हापासून दर शनिवारी काकूंच्या शेजारी काका पंखा कवेत घेऊन उभे राहतात, आणि काकूंनी खूण केली की ठेक्यावर कण्हतात. मागच्या ओळीला ते नीट ऐकू येत नाही, अशी तक्रार आहे. त्यामुळे काकांसाठीही माइक पारखणे चालू आहे आणि फ्रिजमागे सध्या पुन्हा टॉवेल ठिबकतो आहे. फक्त आता तो काकूंच्या पाठीवर आहे.