पाद्रीसाहेबांचं कुलूप

सायमनकाका नऊ वर्षं अळणी जेवत होते. रक्तदाब वाढला म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, मी सांगेपर्यंत मीठ बंद. पुढे डॉक्टर निवृत्त होऊन आपल्या गावी गेले आणि जाताना मिठाचं सांगायचं विसरले. मी काकांना म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांना विचारा की. बाप बदलून घ्या म्हटल्यासारखं ते माझ्याकडे बघत राहिले. "बंद त्यांनी केलं, सुरू दुसरा कसा करंल?" असं म्हणून त्यांनी अळणी वरणात भाकरी कुस्करली.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कलेक्टर कचेरीत मी कारकून म्हणून आलो आणि मिशनच्या आवाराला लागून असलेल्या गल्लीत खोली घेतली. गल्लीत बहुतेक माझ्यासारखेच बदलून आलेले. सायमनकाका मिशनच्या शाळेतले निवृत्त शिपाई. बायको वारलेली, आवारातल्या एका खोलीत एकटेच राहायचे आणि चर्चची घंटा वाजवायचे. अंगात खाकी शर्ट, त्याचं गळ्याचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं. ते उघडं टाकायला कुणी सांगितलं नसावं.

जिल्हा झाल्याचा सगळ्यांत जास्त आनंद काकांना झाला होता, कारण गावात जिकडेतिकडे पाट्या लागल्या. एकदा कसल्याशा दाखल्यासाठी ते आमच्या कचेरीत आले. 'रांगेत उभे राहावे' अशी पाटी होती, रांगेत माणूस नव्हता. काका पाटीखाली एकटेच उभे. मी आतून दोनदा हाक मारली, या म्हटलं. तर म्हणाले, "येतो की. नंबर लागू द्या."

त्यांची चेष्टा करायचा मोह आवरत नसे. मी मुद्दाम म्हणायचो, काका, तुमच्या धर्मात म्हणे प्रेमाला फार महत्त्व, आणि तुम्ही तर नुसते हुकूम पाळता. त्यावर ते चिडत नसत. म्हणायचे, "माया माया म्हणून गळ्यात पडणारे लई बघितले. सांगितलेलं ऐकतो कोण, ते बघा." परमेश्वराशीही त्यांचा एवढाच व्यवहार होता. त्यानं सांगावं, आपण ऐकावं. ऐकणाऱ्याचीच माया खरी, असा त्यांचा हिशेब.

हे सगळं गमतीचं होतं तोवर ठीक होतं. मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही.

गल्लीतला हापसा आधी कोरडा पडला, मग आसपासच्या विहिरी. टँकर तीन-चार दिवसांनी यायचा. बायका पहाटेपासून घागरी मांडून बसायच्या आणि टँकर दुपारी उन्हात येऊन उभा राहायचा. आणि आमच्यापासून पन्नास पावलांवर, मिशनच्या आवारात लिंबाखाली एक विहीर होती. तिच्यावर लोखंडी झाकण, झाकणाला हाताएवढं कुलूप आणि कुलपाची किल्ली सायमनकाकांच्या गळ्यात. मी झाकणाच्या फटीतून खडा टाकून पाहिला होता. खालून चांगला डुबुक आवाज आला.

काकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं. जुन्या पाद्रीसाहेबांनी सांगितलंय, मी सांगेपर्यंत उघडायचं नाही. हे पाद्रीसाहेब सतरा वर्षांपूर्वी मुदखेडकडे बदलून गेले होते आणि तिकडेच वारले होते. काका त्यांच्या मातीला जाऊन आले होते. म्हणजे ते आता काही सांगायची शक्यता नव्हती, हे काकांनाही कळत होतं. नवे पाद्री महिन्यातून एकदा उदगीरहून यायचे, त्यांनीही समजावून पाहिलं. काका हात जोडून म्हणाले, "हुकूम तुमचा न्हवता. तुम्ही कसा मोडता?"

विहीर सरकारी ताब्यात घ्यावी म्हणून मी कचेरीत विषय काढला. साहेब म्हणाले, प्रार्थनेची जागा आहे, आधी समजुतीनं घ्या. मी समजुतीनं घेतलं, भांडून घेतलं, एकदा तर किल्ली ओढायला हात घातला. म्हाताऱ्यानं ती मुठीत धरली आणि माझ्या हाताला हिसका दिला. त्या दिवसापासून गल्लीनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. पोरं त्यांच्या दारावर दगड मारून पळायची. ते नेमानं घंटा वाजवत राहिले आणि टँकरच्या रांगेत सगळ्यांच्या मागे आपली घागर घेऊन उभे राहू लागले.

विहिरीसाठी त्यांच्याकडे कधीच न गेलेलं एकच माणूस होतं, शेजारच्या गंगाबाई. गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या. साठी उलटलेली, घरात एकट्या. आम्ही तावातावानं काकांना शिव्या द्यायला लागलो की त्या उठून आत जायच्या. मला वाटायचं, म्हातारी भिडस्त आहे.

वैशाखात एका दुपारी गंगाबाई टँकरच्या रांगेत बसल्या बसल्या कलंडल्या. आम्ही सावलीत नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांची घागर रिकामीच होती. संध्याकाळी माती देऊन परतताना सायमनकाका रस्त्यात उभे दिसले आणि माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "तुमच्या कुलपानं मारलं त्यांना. आता वाजवा घंटा." ते शब्द परत घेता आले असते तर, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली नाही. थोड्या वेळानं काका माझ्या दारात आले. गळ्यातली किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"मला उघडू नको म्हणून सांगितलंय. तुम्हाला कुणी काही सांगितलेलं न्हाई. तुम्ही उघडा."

मी किल्ली घेतली तरी ते हलले नाहीत. उंबऱ्यावर बसले आणि जमिनीकडे बघत बोलायला लागले.

"माझी लेक हाय तितं. रूथ. सात वर्षांची होती. मी शाळेत घंटा द्यायला गेलो, ती मागून पाणी शेंदाया गेली अन् आत पडली. तिला पुरलं, तरीबी मी रोज इहिरीवर जाऊन बसायचो. पाद्रीसाहेबांनी वळखलं. त्यांनी झाकण केलं, कुलूप लावलं अन् किल्ली माझ्याच हातात दिली. म्हणले, सायमन, मी सांगेपर्यंत उघडायचं न्हाई. दुसऱ्याकडं दिली असती तर मी कुलूप फोडून उडी टाकली असती. माझ्याकडं दिली, म्हणून जगलो."

गंगाबाईंना हे सगळं माहीत होतं, म्हणूनच त्या उठून आत जायच्या. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, काका, पाद्रीसाहेब आज असते तर त्यांनी स्वतःच उघडायला सांगितलं असतं.

"हाव," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्षी पाऊस न्हाई म्हणल्यावरच सांगितलं असतं. मी त्यांना वळखत होतो. मला ठावं होतं, अन् तरी मी बसून राहिलो. हुकूम हुकूम करत, त्यांच्याच आड लपलो."

कुलूप गंजलं होतं. रॉकेल सोडून, ठोकून ठोकून ते निघालं. झाकण उचलायला चार माणसं लागली. बायका घागरी घेऊन आल्या, पण कुणी पुढे होईना. काका लिंबाच्या पलीकडे, विहिरीकडे पाठ करून उभे होते. मी दोराला बांधलेली बादली खाली सोडली आणि ओणवा होऊन पाहिलं.

पाठ न वळवता त्यांनी विचारलं, "खाली लई अंधार हाय का?"

विहीर फार खोल होती. ऊन वरच्या दोन-चार दगडांवरच थांबलं होतं. त्याखाली काळोखाशिवाय मला काहीही दिसत नव्हतं.

"नाही काका," मी म्हणालो. "ऊन पार पाण्यापर्यंत पोचतंय. स्वच्छ दिसतंय सगळं."

सांगितलेलं ऐकायची त्यांना जन्माची सवय. त्यांनी मान डोलावली.

"मग बरं," ते म्हणाले. "अंधाराला लई भ्यायची ती."