चारला दहा कमी असताना वाजणारी ट्रंक

जागेश्वर बोरकर या माणसाबद्दल जागेश्वर बोरकर यांचं मत फार म्हणजे फारच चांगलं होतं. नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी तर सांगता सोय नाही. गोंदिया जिल्ह्यात गुन्हे कमी घडतात ते पोलिसांमुळे नव्हे, तर जागेश्वर याच जिल्ह्यात राहतो ही बातमी गुन्हेगारांपर्यंत पोचली आहे म्हणून, असं तो चहाच्या टपरीवर अगदी शांतपणे सांगायचा. आजवर त्याने तीन प्रकरणं हाती घेतली होती. पहिल्यात चोरीला गेलेली सायकल मालकाच्याच घरामागे सापडली. दुसऱ्यात बकरी आपल्या पायांनी परत आली. तिसऱ्याबद्दल तो बोलत नसे, कारण त्यात त्याचे दोन दात गेले होते. पोटापाण्यासाठी म्हणाल तर तो भोजराज सरांच्या युवा कलापथकात हार्मोनियम वाजवी. पण ते आपलं वेषांतर आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

सन दोन हजार दहाचा एप्रिल. कलापथकाचा दौरा सुरू होता. गावोगावी दारूबंदीचं नाटक, तेही भर दुपारी तीन वाजता. संध्याकाळी लाईट जाते, अंधारात प्रबोधन कोणाला दिसणार? तेव्हा चिंचेची सावली पाहायची, सतरंजी टाकायची आणि सुरू करायचं.

पहिला प्रयोग कामठ्याला झाला. नाटकात दारुडा नवरा मरतो आणि त्याची बायको प्रेतापाशी बसून आक्रोश करते. बायकोचं काम अल्का करायची आणि प्रेताचं संघदीप. अल्काचा आवाज असा लागला होता की बाया पदराने डोळे पुसू लागल्या. तेवढ्यात प्रेताच्या खिशात फोन वाजला. संघदीपने थोडा वेळ मेल्यासारखं राहून पाहिलं. रिंग थांबेना, तेव्हा त्याने पडल्यापडल्या फोन कानाला लावला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अबे, मी मेलो हाओ आता. मंग कर."

लोक इतके हसले की दारू हा विषयच मागे पडला. भोजराज सर रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना ओळीत उभं केलं. मोबाईल बंदी! नऊ जणांचे नऊ फोन सरांच्या डोळ्यांदेखत बंद झाले, पत्र्याच्या ट्रंकेत गेले आणि ट्रंकेला दोन कुलपं लागली. एक किल्ली सरांच्या जानव्याला लागली असती, पण सरांना जानवं नव्हतं, म्हणून ती कमरेच्या करगोट्याला लागली. दुसरी जागेश्वरकडे आली. "यापुढे ज्याचा फोन वाजेल, तो घरी जाईल," सर म्हणाले. "सोबत बापाच्या नावानं चिठ्ठी."

हे ऐकून बाकीच्यांना नुसतं वाईट वाटलं. अल्काला मात्र ती चिठ्ठी परवडणारी नव्हती. ती दवनीवाड्याची. तिचे वडील कवडूभाऊ तिला दौऱ्यावर पाठवायला तयारच नव्हते. सर दोनदा घरी गेले तेव्हा कुठे हो म्हणाले, तेही एका अटीवर. पोरीची एक जरी तक्रार आली, तर बारावीनंतरचं शिकणं बंद. कवडूभाऊ बोलायला लागले की थोडंच बोलत, पण बोलले की ते व्हायचंच. ती निघताना त्यांनी घरातला एकुलता एक फोन तिच्या हातात दिला होता. "ठेव. मले काय काम त्याचं?" एवढंच म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. तीनला नाटक सुरू झालं. चारला दहा कमी असताना, अल्काचा आक्रोश ऐन रंगात आला असताना, मागे ठेवलेली ट्रंक वाजू लागली. कर्कश, एक मिनिटभर. आणि बसलेले गडी मनगटावरची घड्याळं पाहून उठले आणि भराभरा निघून गेले. उरल्या बाया आणि दोन म्हातारे.

पडदा नव्हताच, त्यामुळे तो पडला नाही. प्रयोग संपल्यावर दोन्ही कुलपं उघडली. नऊच्या नऊ फोन बंद.

"सर," जागेश्वरने खिशातून भिंग काढलं. ते त्याने गोंदिया स्टेशनच्या फलाटावर घेतलं होतं. "हे प्रकरण माझ्याकडे द्या."

"तुमची हार्मोनियम अंतऱ्यात चुकते, ते प्रकरण आधी पाहा," सर म्हणाले. पण रिंग पुढच्या गावीही वाजली, त्याच मिनिटाला, आणि गडी पुन्हा उठले. मग सरांचा नाइलाज झाला.

जागेश्वरचा पहिला सिद्धान्त असा की प्रेताकडे दहावा फोन आहे. पूर्वी ज्याने मेल्यावर फोन उचलला, तो काहीही करू शकतो. चौथ्या गावी त्याने नाटक चालू असताना, हार्मोनियम सोडून, शोकाकुल नातेवाइकाच्या आविर्भावात प्रेताची झडती घेतली. धोतराच्या निऱ्यांत मूठभर मुरमुरे निघाले.

"कायले गुदगुल्या करून राहिले भाऊ?" प्रेत म्हणालं.

"मेलेल्या माणसाला मुरमुरे कशाला लागतात?" जागेश्वरने करड्या आवाजात विचारलं.

"दुपारी जेवन कमी झालतं."

तेवढ्यात रिंग वाजली. ती ट्रंकेतूनच आली. जागेश्वरने वहीत लिहिलं, 'प्रेत निर्दोष. भूक खरी.'

दुसरा सिद्धान्त जास्त भारी होता. गडी रिंग ऐकूनच उठतात, म्हणजे रिंग हा इशारा आहे. हे दुसऱ्या कलापथकाचं कारस्थान. कुठूनतरी फोन लावायचा, प्रेक्षक उठवायचे आणि आपल्या पथकाची इज्जत घालवायची. सालेकसा गावी त्याने उठून चाललेल्या एका गड्याला रस्त्यातच अडवलं.

"तुम्हाला कोणी उठवलं?"

"कोनी नाही. वावरात जाऊन राहिलो."

"रोज याच वेळी?"

"रोज याच वेळी. काऊन?"

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"सरकारच्या," गडी म्हणाला आणि निघून गेला. जागेश्वर कितीतरी वेळ तिथेच उभा राहिला. प्रकरण इतकं वरपर्यंत गेलं असेल अशी त्याला कल्पना नव्हती.

दौऱ्याच्या आठव्या दिवशी पथक दरेकशाला पोचलं. डोंगर, जंगल आणि एक लहानसं स्टेशन. रेंजचा तर पत्ताच नाही. फोन लावायचा तर गाडीत बसून पुढच्या गावी जावं लागे. जागेश्वर खूश झाला. इथे रिंग वाजूच शकत नाही, आणि वाजली नाही म्हणजे कारस्थान बाहेरचं, असं त्याने सरांना आधीच सांगून ठेवलं.

चारला दहा कमी असताना ट्रंक वाजली.

या वेळी मात्र गडी उठले नाहीत. ते नाटक पाहत बसले, एकजण तर चक्क रडला. हार्मोनियमवर बसलेल्या जागेश्वरच्या हाताखाली तीन स्वर एकदम दाबले गेले. रेंज नाही, फोन बंद, दोन कुलपं, आणि रिंग! दुसरा कोणी असता तर घाबरला असता. जागेश्वरही घाबरला, पण त्याने ते विचारमग्नतेवर निभावून नेलं. आणि त्याच क्षणी त्याला सगळं दिसलं.

प्रयोग संपल्यावर शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले. कोपऱ्यात रुख्माबाई तांदूळ निवडत होती. ती पथकाचा स्वयंपाक करायची. आतापर्यंत तिची चूल गावाच्या दुसऱ्या टोकाला असायची, आज पहिल्यांदा ती ट्रंकेच्या बाजूलाच मांडली होती.

"मित्रांनो," जागेश्वर म्हणाला, "रिंग रोज वाजते कधी? अल्का रडते तेव्हा. आधी रडू, मग रिंग. एकदाही उलटं झालं नाही. याचा अर्थ काय? रिंग येणार हे अल्काला आधीच ठाऊक असतं. आणि त्या दुःखानं ती रडते!"

"भूमिका आहे भाऊ ती," अल्का म्हणाली. "नवरा मरते तिचा."

"इतकं खरं कोणी रडतं का?"

आता ती खरंच फार खरं रडायची, हे सगळ्यांनाच मान्य होतं. भोजराज सर थकले होते. आठ दिवसांत सात प्रयोगांची माती झाली होती. त्यांनी फक्त विचारलं, "ट्रंकेत तुझाही फोन आहे ना?" ती हो म्हणाली. सरांनी कागद मागवला. कवडूभाऊंच्या नावाने चिठ्ठी. जागेश्वर तर आधीच स्टेशनवर जाऊन पाचच्या लोकलचं तिकीट काढून आला होता.

"सर, चिठ्ठी नका देऊ," अल्का म्हणाली. आता ती रडत नव्हती. "घरी पाठवा, पन चिठ्ठी नका देऊ. माहं शिकनं बंद होईल. मी त्या फोनले हात नाही लावला सर. खरंच नाही लावला."

संघदीपने मान खाली घातली. जागेश्वरला पहिल्यांदाच आपलं भिंग कुठे ठेवावं ते कळेना.

"काय झालं पोरीले?" रुख्माबाईने सुपातून डोकं वर काढलं. "कायची चिठ्ठी?"

"ट्रंकेत फोन वाजला," सर म्हणाले.

"त वाजनारच ना. मोटरचा अलारम हाय तो."

"काय?"

"मोटरचा, मोटरचा! चारले वावरात थ्री फेजची लाईन येते ना बाप्पा, तवाच पान्याची मोटर चालते. या महिन्यात इकडं सगळीकडं चारचीच पाळी हाय. दहा मिनिटं आधी उठलं त मानूस वावरात पोचते. आमच्या घरच्याचाही फोन असाच बोंबलते. मी त आवाज ऐकून मोटर लावाले उठलीच होती, मंग ध्यानात आलं का मी दरेकशात हाओ."

"पण बाई," जागेश्वर समजावणीच्या सुरात म्हणाला, "फोन बंद होते. बंद फोन वाजत नसतो. हे विज्ञान आहे."

"बंद असला तरी अलारम वाजते बाबू. आमचा मानूस रोज बंद करून झोपते, रोज वाजते, रोज त्याले शिव्या देते."

ट्रंक उघडली. सरांनी एकेक फोन चालू केला. अल्काच्या फोनमध्ये अलारम निघाला. तीन पन्नास, रोज. कामठ्याला तो लोकांच्या हशात बुडाला होता. गडी रोज का उठायचे तेही उघड झालं. सरकारने ठरवून दिलेल्या वेळी त्यांना वावरातल्या आपापल्या मोटरी लावायच्या होत्या. दरेकशात मोटरीच मोजक्या, म्हणून इथले गडी बसून राहिले. जागेश्वरच्या वहीतल्या चौदा पानांचं काय करायचं, ते कोणी विचारलं नाही.

सगळे हसले. अल्का हसली नाही. ती फोन हातात घेऊन उभी होती.

"बाबानं लावला असंल," ती म्हणाली. "घरात घड्याळ नाही आमच्या. याच्यातच पाहते ते." मग म्हणाली, "मंग आठ दिवस मोटर कशी लावून राहिले असतील?"

"कशी लावतीन? दुपारपासून वावराच्या धुऱ्यावर लाईनीची वाट पाहत बसत असतीन," रुख्माबाई म्हणाली. "उन्हाळ्याचा धान हाय. पानी चुकलं त बांधीतली जमीन भेगाळते."

आठ दिवस बाप उन्हात बसला होता आणि फोन ट्रंकेत. भोजराज सरांनी अर्धवट लिहिलेला कागद फाडला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"जागेश्वर, तिकीट काढलंच आहे ना?"

"हो सर. अल्काचं."

"लोकलच्या तिकिटावर नाव नसतं. हा फोन घ्या आणि उद्या दवनीवाड्याला त्यांच्या हातात द्या."

दुसऱ्या दिवशी गोंदियाहून एसटीने जागेश्वर दवनीवाड्याला उतरला आणि विचारत विचारत धानाच्या बांध्यांकडे गेला. कवडूभाऊ मोटरीच्या खोपटाशी, धुऱ्यावर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसले होते. खांबाला एक बल्ब टांगला होता. करंट आला की तो लागतो. ते त्या बल्बाकडे पाहत होते. कलापथकाचा माणूस दिसताच ते ताडकन उठले आणि त्यांचा चेहरा पडला.

जागेश्वरने फोन पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोरीची काई तक्रार हाय का?"

जागेश्वरला काय काय सांगता आलं असतं! रेंज नसलेल्या गावातली रिंग, दोन कुलपं, सरकारपर्यंत पोचलेलं कारस्थान. असा ऐकणारा त्याला आयुष्यात पुन्हा मिळाला नसता. त्याने खिशातली वही चाचपली आणि तिथेच राहू दिली.

"तक्रार नाही," तो म्हणाला. "मी स्वतः पूर्ण तपास केला आहे."

"तुमी कोन?"

"मी हार्मोनियम वाजवतो."

कवडूभाऊ परत धुऱ्यावर बसले. दुपट्ट्याने तोंड पुसलं, पुसतच राहिले. मग बाजूची पाण्याची बाटली उचलून जागेश्वरच्या हातात दिली. तो पाणी पीत होता तेवढ्यात खांबावरचा बल्ब लागला.

"त मंग जूनमधी कालेजात नाव टाकून देतो तिचं," कवडूभाऊ म्हणाले आणि मोटर लावायला खोपटात गेले.