दुसऱ्या अंकाची पंगत

नाटकाचं निमंत्रण लग्नपत्रिकेसारखं छापायची कल्पना क्षमाचीच होती, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय तिला उरली नाही.

पत्रिका मात्र झकास झाली होती. वर गणपती, कोपऱ्यांना हळद, मधे मराठी मुलीचं आणि छत्तीसगढी मुलाचं नाव. स्थळ, रायपूरच्या समता कॉलनीतलं मंगल कार्यालय. ‘दोन अंकी नाटक’ हे शब्द अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

“इतना बारीक कौन पढ़ेगा?” तिच्या नवऱ्यानं, शेखर साहूनं विचारलं.

“ज्याले नाटक पाहायचं आहे तो वाचीन,” क्षमा म्हणाली आणि छापखान्यात निघून गेली.

क्षमाची नाटकमंडळी म्हणजे दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम करणारी दहा-बारा माणसं. कुणी सिलतऱ्याच्या कारखान्यातलं, कुणी बँकेतलं; ती स्वतः नवा रायपुरात मंत्रालयात. आजवर त्यांच्या नाटकांना नटांचे आईवडीलच यायचे आणि तेही चहा मिळेपर्यंतच थांबायचे. या खेपेला मात्र क्षमानं पदर खोचला होता. पहिल्या अंकात नुसतं लग्न. पडदा नाही, नेपथ्य नाही; कार्यालयाचाच मंच आणि प्रेक्षक हेच वऱ्हाडी. दुसरा अंक पाच वर्षांनंतरचा. दोन्ही घरची मोठी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्या अबोल्यापायी नवराबायकोचं फाटतं.

हा दुसरा अंक तिनं खरं तर दोनच माणसांसाठी लिहिला होता. एक तिचे बाबा, शालिग्राम, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. दुसऱ्या तिच्या सासूबाई, कमला अम्मा. क्षमाच्या लग्नात अक्षता पडल्या आणि बाबांकडची मंडळी आपल्या रिवाजाप्रमाणे तडक पंगतीला पळाली. अम्मांकडची मंडळी त्यांच्या रिवाजाप्रमाणे टिकावनाला बसली. म्हणजे एकेकानं यायचं, नवरानवरीच्या कपाळाला पिवळे तांदूळ लावायचे, भांडीकुंडी द्यायची. मुलीकडचं एकही माणूस आशीर्वादाला थांबलं नाही, हे अम्मांच्या मनाला लागलं. पाहुण्यांची वाट पाहून वरण गार झालं, हे बाबांच्या. तेव्हापासून बाबा त्यांना ‘शेखरची आई’ म्हणत आणि अम्मा त्यांना ‘क्षमा के बाबूजी’. तेही एकमेकांच्या पाठीमागे. समोर आले की दोघांनाही भिंतीवरची घड्याळं फार आवडायची.

यांना शेजारी बसवून दुसरा अंक दाखवायचा, एवढा एकच ध्यास क्षमानं घेतला होता. त्यासाठी तिनं दोन खुर्च्यांवर नावं चिकटवून ठेवली. बाबा आले, त्यांनी नाव वाचलं आणि खुर्ची उचलून डाव्या टोकाला नेली. अम्मांनी आपली उजव्या टोकाला नेली.

“बसू दे,” क्षमा दात आवळून म्हणाली. “दुसऱ्या अंकात रडतीन ना दोघंही, तवा पाहू.”

तोवर माणसांची रीघ लागली होती. पत्रिकेचा फोटो कुणीतरी व्हॉट्सॅपवर टाकला होता, आणि फोटोत तळाची ओळ कापली गेली होती. मग काय, मराठी माणसांना वाटलं लग्न मुलाकडच्यांच्या ओळखीतलं आहे, छत्तीसगढी माणसांना वाटलं मुलीकडच्यांच्या. लग्नाला आल्यावर कोण कुणाचं हे विचारायची पद्धत दोन्हीकडे नाही. माणसं जरीच्या साड्या नेसून, काशाची भांडी घेऊन, पोटात जागा ठेवून आली होती. साठ खुर्च्या कधीच भरल्या, लोक भिंतींना टेकून उभे राहिले, आणि क्षमाचा ऊर भरून आला.

“बघ,” ती शेखरला म्हणाली, “म्हणे नाटकाले लोक येत नाहीत.”

“वो सब ठीक है,” शेखर म्हणाला, “पण यांच्या हातात कुकर काहून आहे?”

ते ऐकायला क्षमा थांबली नाही. अंतरपाट धरला गेला. नवरी झालेली ईरा हळूच लाजली, नवरा झालेला वरद सराईतपणे घामेजला. गुरुजी झालेल्या देवीदासनं मंगलाष्टकं अशी खणखणीत म्हटली, की दोन बायकांनी डोळे टिपले. दारात वाटलेल्या अक्षतांचा पाऊस पडला. प्रेक्षक इतके रंगलेले तिनं जन्मात पाहिले नव्हते. आता दहा मिनिटांचं मध्यंतर, प्रत्येकी एक समोसा, आणि मग दुसरा अंक.

पण अक्षता पडल्या आणि अर्धं सभागृह एका माणसासारखं उठलं. मराठी मंडळी मागच्या जेवणघराकडे निघाली. सगळ्यांत पुढे बाबा. हे नाटक आहे हे बाबांना पक्कं ठाऊक होतं, पण अक्षता पडल्यावर बसून राहणं त्यांच्या पायांना ठाऊक नव्हतं. उरलेलं अर्धं सभागृह मंचावर चढलं आणि टिकावनाची रांग लागली. सगळ्यांत पुढे अम्मा. वरदच्या कपाळावर पिवळ्या तांदळांचा थर चढत गेला, ईराच्या मांडीवर लोटे आणि पराती.

क्षमा मधोमध उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर तिचंच लग्न पुन्हा लागलं होतं, तसंच्या तसं, आणि या वेळी ते तिनं स्वतः बसवलं होतं.

जेवणघरातून शेखर धावत आला. “क्षमा, लोग पत्तल बिछाके बैठ गए! वरण-भात मांगून राहिले! अपने पास साठ समोसे हैं!”

“सांगून दे न, नाटक आहे म्हणून.”

“बोला. एक काका बोले, ‘जावईबापू, नाटकं नको करू, वाढ.’”

दुसरी एखादी असती तर तिनं तिथेच हात टेकले असते. क्षमानं साडीचा पदर पुन्हा खोचला.

“लोक पंगतीत बसले ना? मंग दुसरा अंक पंगतीत होईन. ईरा, वरद, उठा!”

“क्षमाताई, मांडीवर परात आहे,” ईरा कळवळली.

“परातीसकट उठ!”

नवरानवरी जेवणघरात पोचली. त्यांच्यामागून टिकावनाची अख्खी रांग भांडी घेऊन आत आली, कारण अजून निम्म्यांचे तांदूळ लावायचे राहिले होते. क्षमानं टाळी वाजवली. “पाच वर्षांनंतर!” ती ओरडली. पण तेवढ्यात कुणाची तरी परात खाली पडली आणि ती पाच वर्षं कुणालाच ऐकू आली नाहीत.

ईरा गुणी नटी. तिनं सूर लावला. “मी या घरात पाहुणीच राहिले! तुमच्या माणसांनी मला कधी आपलं म्हटलं?”

“तो चली जा अपने मायके!” वरद गरजला. कपाळावरचे चार तांदूळ उडाले.

अक्षता पडून पुरता अर्धा तासही झाला नव्हता. पंगतीत एकदम कालवा उठला.

“अगं बाई, सप्तपदी तरी झाली का यांची?”

“दारू पिया है क्या लड़का?”

ठरल्याप्रमाणे ईरानं दुसऱ्या अंकासाठी आणलेली कपड्यांची पेटी उचलली आणि हुंदका देऊन दाराकडे निघाली. दारात अम्मा आडव्या झाल्या. त्यांनी आधी ईराला पोटाशी धरलं, मग वरदला फैलावर घेतलं. “बहुरिया ला काबर रोवावत हस रे? मायके से तेरे भरोसे आई है, उसी को भगाएगा?”

“थांबा हो!” पंगतीतून बाबा उठले. “पोट्टा वाईट नाही. त्याले काय म्हणायचं ते आयका तरी. पोरीनं बी पह्यल्याच दिवशी ताणू नाही.”

मराठी बाप छत्तीसगढी नवऱ्याची बाजू घेत होता आणि छत्तीसगढी सासू मराठी नवरीची. दोघं समोरासमोर आले, आणि भिंतीवर नेमकं घड्याळ नव्हतं.

“पर ये झगड़ा चालू किसने किया?” अम्मांनी विचारलं.

वरदनं घाबरून क्षमाकडे बोट दाखवलं. “क्षमाताईंनी लिहिलंय.”

“तू लिहिलं?” बाबांचा आवाज चढला. “काहून भांडण लावून राहिली दोघांचं?”

“बाबा, हे नाटक आहे! शेवटी ते वेगळे होतात, त्यातच तर सारा अर्थ...”

“वेगळे होतात?” अम्मांनी कपाळाला हात लावला. “सुनिए समधीजी, क्या लिखती है!”

“आयकून राहिलो न, विहीणबाई!” बाबा म्हणाले. “आमच्या घरी असली नव्हती हो. मंत्रालयात जाऊन बिघडली.”

“हव, वही तो!” अम्मा म्हणाल्या.

‘समधीजी’ म्हणजे व्याही, आणि ‘विहीणबाई’; या दोन शब्दांची क्षमानं इतकी वर्षं वाट पाहिली होती, आणि ते आले ते तिला शिव्या घालायला. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रागही आला होता. आधी कशाचं काय करावं हे तिला समजेना.

तोवर त्या दोघांनी कारभार हातात घेतला होता. बाबा कार्यालयाच्या आचाऱ्याला उठवून खिचडी टाकायला लावत होते, अम्मा मिरच्या कमी करायला लावत होत्या. ईरा आणि वरद शेजारी शेजारी बसून समोसा खात होते. त्यांना आता कुणी भांडू देणार नव्हतं.

“झालं न तुझं काम?” शेखरनं हळूच विचारलं.

“नाही झालं,” क्षमा नाक पुसत म्हणाली. “अंक अर्धाच झाला. पुढच्या शनिवारी पुन्हा प्रयोग. दुसरा अंक होईनच!”

“नाही होत!” बाबा चुलीपाशी गरजले.

“नइ होवय!” त्याच दमात अम्मा.