नव्वद रियालचे बर्फाचे बूट

"शंभर रियालच्या आत बूट घेऊन दाखवतो! बर्फात चालतील, बर्फाच्या चिखलात चालतील आणि रोज भाजी आणायलाही चालतील!"

यशोधनने हे जाहीर केलं तेव्हा तो दोह्यातल्या आपल्या गॅलरीत बनियनवर उभा होता. नोव्हेंबर लागला होता, म्हणजे हवा फक्त बत्तीस अंश होती. फोनच्या पडद्यावर त्याची बायको ईशा फिनलंडमधल्या ओउलू गावात दोन स्वेटर घालून, वर गोधडी पांघरून बसली होती. तिथल्या विद्यापीठात ती वर्षभराच्या कामावर गेली होती, त्यातले आठ महिने सरले होते. आता कुठे यशोधनला दहा दिवसांची रजा मिळाली होती. व्हिसा आला, तिकीट आलं, फक्त पायांचा प्रश्न राहिला होता.

"तू तिकडे बूट घेऊ नकोस," ईशा म्हणाली. "वाळवंटात बर्फाचे बूट शोधणं म्हणजे उपवासाच्या पदार्थांच्या दुकानात मटण मागणं आहे."

"अगं, इथे सगळं मिळतं."

"मागच्या वेळी 'सगळं मिळतं' म्हणून बॅग आणलीस. विमानतळाच्या पट्ट्यावर ती उघडली, आणि तुझे लेंगे शंभर माणसांसमोर तीन फेऱ्या मारून आले."

"त्या बॅगेत नव्हे, चेनमध्ये दोष होता."

"बरं. मग पैज. हे बूट इथे टिकले नाहीत, तर यापुढे घरातली एकही वस्तू तू विकत आणायची नाहीस. कोथिंबीरसुद्धा नाही!"

कोथिंबीर यशोधनच्या वर्मी लागली. कोथिंबिरीची जुडी नुसती हलवून तो तिचं वय सांगायचा. त्याने पैज घेतली.

दोन दिवस त्याने मॉल पालथे घातले. एका ठिकाणी बूट बघून त्याचा जीव सुखावला आणि किंमत बघून परत गेला. दुसऱ्या ठिकाणी विक्रेत्याने "स्नो, सर? नो प्रॉब्लेम, सर!" म्हणत पांढऱ्या सपाता पुढे केल्या. तिसऱ्या दिवशी यशोधनने मुदस्सिरला फोन लावला.

मुदस्सिर हा चिपळूणच्या शाळेतला त्याचा बाकमित्र. आता इंडस्ट्रियल एरियातल्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये सुपरवायझर होता. अर्ध्या शहराची कोंबडी आणि मासळी त्याच्या ताब्यात गोठून पडलेली असे.

"यशा, तू खुळा आहेस काय?" मुदस्सिर ओरडला. "माझी पोरं रोज उणे वीसमध्ये आठ तास उभी असतात. काय अनवाणी? आमच्या गल्लीत बुटांचा होलसेलवाला आहे. नव्वद रियाल, काळे, आत लोकर. खलास!"

शुक्रवारी यशोधन नवे बूट पायात चढवून कोल्ड स्टोअरेजच्या दारात हजर झाला. त्याच्याजवळ एक तक्ता होता. त्यात तीन रकाने होते: बर्फ, चिखल, रोजचं. प्रत्येकात पास झाल्याशिवाय तो बूट फिनलंडला नेणार नव्हता.

"बर्फ" या रकान्यासाठी तो गोठलेल्या कोंबड्यांच्या मधोमध वीस मिनिटं उभा राहिला. पाय शेकोटीजवळ बसल्यासारखे मजेत होते. पण परीक्षा पायांची असल्यामुळे यशोधन अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आला होता. पंधराव्या मिनिटाला त्याचा चेहरा शेजारच्या कोंबडीइतकाच निर्विकार झाला.

"बाहेर ये रे!" मुदस्सिर दारातून म्हणाला. "कुणीतरी चुकून बिलात लावील तुला!"

"पा... पास!" यशोधनने दात वाजवत टिक केली.

चिखलासाठी मुदस्सिरने त्याला मागच्या धक्क्यावर नेलं. तिथे बांगड्याच्या क्रेटमधला बर्फ वितळून घोटाभर रबरबाट झाला होता. यशोधन त्यातून परेड करावी तसा चाळीस फेऱ्या चालला. आत थेंबभर पाणी गेलं नाही. वास मात्र गेला. उजवा बूट एका खड्ड्यात जरा जास्त खोल बुडाला होता, त्यामुळे तो तर साक्षात बांगडा झाला.

"वास उडून जाईल, इन्शाल्ला," मुदस्सिर म्हणाला. "पण एक ऐक. नवा बूट चावतो. पंधरा दिवस घाल रोज. सैल पडला की समजायचं, रुळला."

राहिला तिसरा रकाना. रविवारी यशोधन बर्फाचे बूट घालून ऑफिसला गेला!

ऑफिस बांधकाम कंपनीचं होतं खरं, पण नवव्या मजल्यावरच्या त्या एस्टिमेशन विभागातल्या माणसांनी सिमेंट फक्त एक्सेलमध्ये पाहिलं होतं. लिफ्टमध्येच बॉस भेटले. गोविंदराव. यांच्या इनबॉक्समध्ये चार हजार न वाचलेल्या मेल होत्या, आणि आपण एखादी मेल वाचलेली नाही हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी नवव्या मजल्यावरून उडी मारली असती. त्यांची नजर बुटांवर गेली. बांधकाम कंपनी, जाड काळे बूट. त्यांना घाम फुटला. सेफ्टीचं सर्क्युलर! आलं वाटतं!

"वा, यशोधन," ते सावधपणे म्हणाले. "वेळेत सुरुवात केलीस."

यशोधनला वाटलं, साहेबांना ओउलूची किती काळजी! "हो सर. पंधरा दिवस रोज घालणं मस्ट आहे."

"पंधरा दिवस. करेक्ट. मी सगळ्यांना सांगणारच होतो."

आणि त्यांनी सांगितलं! दहा वाजता मेल आली: "पूर्वीच्या सूचनेनुसार सर्वांनी बूट घालावेत." पूर्वीची सूचना कुठली, हे विचारायला कोणी धजेना, कारण विचारणं म्हणजे वाचली नाही हे सांगणं! शेजारच्या टेबलावरचा वरुण हळूच म्हणाला, "यश, मी वाचलंय सगळं. फक्त बूट कुठून घेतलेस तेवढं सांग." यशोधनने नंबर दिला. खरं काय ते सांगायला त्याने तोंड उघडलंही, पण वरुण तोवर दोन टेबलं पुढे जाऊन तोच नंबर वाटत होता.

बुधवारपर्यंत विभागातली चौदाच्या चौदा माणसं एकाच दुकानातले काळे लोकरी बूट घालून एसीचं तापमान कमी करा म्हणून भांडत होती. त्यांत गोविंदरावही होते, दहा नंबरचे बूट घालून. त्यांना पायदुखी होती म्हणून ते सकाळी पायांना बाम चोळत, त्यामुळे त्यांच्या बुटातून निलगिरीचा दरवळ येई. मुदस्सिरचा फोन आला. "यशा, होलसेलवाला तुझा फोटो मागतोय. फ्रेम करणार म्हणे!"

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या आठवड्यात गोविंदरावांनी यशोधनला केबिनमध्ये बोलावलं.

"हेड ऑफिस आपल्या विभागावर खूश आहे. म्हणाले, आम्ही विचार करायच्या आधीच तुम्ही अंमल केलात! पुढच्या आठवड्यात त्यांचा माणूस बघायला येतोय. प्रेझेंटेशन तू देणार. तेव्हा ती रजा जरा पुढे ढकल."

यशोधनने फोनवरचं तिकीट पुढे केलं. आठ महिने! "सर, नाही जमणार. तिकीट शुक्रवारचं आहे."

"अरे, बर्फ काय पळून जातोय?"

"सर, बर्फ राहील. बायको राहील की नाही, सांगता येत नाही."

गोविंदरावांच्या स्वतःच्या घरी लताकाकू होत्या, त्यामुळे मुद्दा त्यांना लगेच पटला. तोड निघाली. शुक्रवारी दुपारी गोविंदरावांच्या अल हिलाल भागातल्या फ्लॅटवर सगळ्यांनी जेवायला यायचं, यशोधनने प्रेझेंटेशन वरुणला शिकवायचं आणि तिथूनच विमानतळावर सुटायचं.

शुक्रवारी गोविंदराव धरून चौदा माणसं जमली. पादत्राणं दाराबाहेर, हे लताकाकूंना सांगावंही लागलं नाही. गोविंदरावांच्या बुटांसकट जिन्यात काळ्या बुटांचा ढीग झाला. आत मसालेभात आणि "पादसुरक्षा: एक प्रवास" या नावाच्या बावीस स्लाइड झाल्या. बाहेर लताकाकूंना तो ढीग खुपत होता. त्यांना पसारा म्हणून खपत नाही. जिलब्या येईपर्यंत त्यांनी अठ्ठावीस बूट भिंतीशी दोन-दोन करून इतके सुरेख लावून ठेवले की शोरूमवाल्याने बघत राहावं! कुठला कुणाचा, हे त्यांनी नजरेने ठरवलं होतं.

"यश, यल्ला, चल लवकर! विमान सुटेल!" वरुण गाडीची किल्ली नाचवत जिन्यात धावला. यशोधनने उजवीकडून तिसऱ्या जोडीतला डावा बूट हुंगला. बांगडा! आपलाच! त्याने दोन्ही पाय खुपसले आणि सुटला. गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, उजवा बूट चांगलाच सैल लागतोय.

"वरुण!" तो आनंदाने ओरडला. "सैल पडला! रुळला!" आणि त्याने तक्त्यात शेवटची टिक केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओउलूच्या विमानतळाबाहेर ईशा उभी होती. लाल टोपी, लाल नाक. मध्ये पार्किंगचा रस्ता, त्यावर अर्धवट वितळलेला करडा बर्फ. यशोधनने बॅग तिथेच सोडली, छाती काढली आणि ज्या निर्धाराने तो बांगड्यांतून चालला होता त्याच निर्धाराने निघाला. डावं पाऊल. उजवं पाऊल. डावं पाऊल. चौथ्या पावलाला त्याचा उजवा पाय पुढे आला आणि बूट मागेच राहिला, चिखलात रुतून! यशोधन एका मोज्यावर फिनलंडमध्ये उभा राहिला.

ईशा आठ महिन्यांनी नवऱ्याला भेटत होती, तरी आधी तिने बूट उपसला. आत पाहिलं. मग हुंगला.

"यश, हा दहा नंबर आहे. याला बामाचा वास येतोय. आणि तुझ्या दुसऱ्या पायात... मासा आहे का?"

"डावा पास झालाय," यशोधन थंडीने उड्या मारत म्हणाला. "हे नोंदवून घे."

"कोथिंबीर," ईशा म्हणाली. एवढंच. मग तिने त्याला हसत हसत घट्ट मिठी मारली आणि धरून धरून थेट जुन्या वस्तूंच्या दुकानात नेलं. तिथे बारा युरोत त्याच्या मापाचे, बर्फात दहा वर्षं रुळलेले बूट मिळाले. बारा युरो म्हणजे किती रियाल, हा हिशेब यशोधनने मनातसुद्धा केला नाही.

दुकानातून बाहेर पडताना फोन वाजला. गोविंदरावांचा मेसेज होता.

"यशोधन, कालपासून माझा उजवा पाय सुजलाय. बूट जेमतेम चढतो. शिवाय त्या पायाला बांगड्याचा वास येतोय. बाम तिप्पट केला, फरक नाही. हेड ऑफिसचा माणूस उद्या येतोय. तू पादसुरक्षेतला जाणकार. हे कशाचं लक्षण?"

यशोधनने आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण विचार करून उत्तर लिहिलं.

"सर, काळजी नसावी. दहा दिवसांत उतरेल."