एझ्रासाहेबांच्या तीन गाड्या आणि मथायस मिस्त्रीची कानस

॥ श्री ॥ ऐरणीस नमन, अग्नीस नमन, आणि ज्या हातांनी प्रथम लोखंडास गोल केले त्या हातांस नमन. शके अठराशे सत्तावीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ मासी जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहिले असे.

समुद्रापलीकडील मुलखी एझ्रासाहेब म्हणोन कारागिरांचे धनी होते. प्रथम बंदुकांच्या नळ्या केल्या, मग शिवणयंत्रे केली, आणि मग बिनघोड्याची गाडी उभी करोन तीस आपले नाव दिधले. त्यांचे पदरी मथायस मिस्त्री, साठी उलटलेला, हाती कानस. ते काळी रीत ऐसी की हर एक तुकडा कानशीने घासोन त्या त्या गाडीस बसवावा. एकीचा दुसरीस लागत नसे. मथायस म्हणे, ज्या त्या लेकराचे अंगडे बेतोनच शिवावे लागते. साहेबांस हे मानवेना. त्यांणी पोलादी मापे करविली आणि हुकूम केला की माप चुकेल तो तुकडा भट्टीत, कानस लावील तो माणूस घरी. मथायस हबकला, आणि मग कानस अस्तनीत लपवोन कामावर येऊ लागला.

पुढे विलायतेत या गाड्यांची थट्टा जाहली, छकडे म्हणाले. साहेबांणी पैज मांडिली की आमच्या तीन गाड्या मोडा, तुकड्यांचा एक ढीग करा, आणि आम्ही कानशीवाचोन पुन्हा उभ्या करू. न चालल्या तर आमचे नाव येथोन पुसले. मथायसाने हे ऐकिले आणि हातातले पाणी प्यायचे राहिले. गाड्या जहाजी चढावयाच्या, तो आदले दिवशी पिवळी गाडी त्याचे कानास जराशी कुरकुरली, आणि कुरकुरते लेकरू उचलल्यावाचोन कोण राहील? त्याणे दट्ट्याची खीळ काढोन केसभर घासली आणि गप्प बसला.

विलायतेत पंचांणी लाल, निळी, पिवळी तिन्ही सुट्या केल्या आणि ढीग ऐसा कालविला की साहेबांचे ओठ पांढरे पडले. मग मथायस जोडावयास बसला, आणि दोन गाड्या गोधडीसारख्या ठिगळाठिगळांच्या उभ्या राहोन चालो लागल्या. पंचांची तोंडे उघडली ती मिटेनात. तिसरीत मात्र खीळ सैल, दट्ट्या खडखडू लागला. वडील पंच हसोन बोलिले, "शेवटी हातच लागतो ना, मिस्त्री? काढा कानस, दुसरी एखादी घासोन बसवा, आम्ही काही रागावणार नाही." कानस निघाली की पैज गेली आणि मथायसाचा हात खरा ठरला. त्याची बोटे अस्तनीत गेली. कानस निघाली, आणि त्याणे ती साहेबांचे पायांपाशी ठेविली.

"साहेब, ही खीळ मी घासली. खोट मापाची नव्हे, मायेची."

साहेबांणी कानस उचलिली. मग म्हणाले, "मापाने केलेल्या जादा खिळींची पेटी आणिली आहे. पंचांणीच काढावी."

पंचांणी डोळे मिटोन एक काढिली. मथायसाने अंगठ्याने रेटिली, तो अलगद आत गेली. त्याणे ती कधी पाहिली नव्हती, हात लाविला नव्हता, तरी तीस आपली जागा ठाऊक! मथायसाने यंत्र फिरविले. गाडी दिवस मावळेतो धावत होती.

येणेप्रमाणे ते नाव मुलखोमुलखी गेले. साहेबांणी कानस परत दिधली, ती मथायस घरी घेऊन गेला. घरी नातीचा पाळणा कुरकुरत असे, आणि तेथे कोणाचा हुकूम चालत नव्हता.