मेमरीतलं वेळापत्रक

ऑफिसातली मंडळी त्यांना शॉर्टकटराव म्हणत. आवक-जावकच्या टेबलावर चौदा वर्षं शिक्के मारलेला माणूस, पण कॉम्प्युटर दिसला की त्यांच्या अंगात यायचं. एका रिकाम्या दुपारी त्यांनी एक छोटासा निर्णय घेतला. घरच्या कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या फाइल्स यापुढे डिस्कवर नाही, थेट मेमरीत ठेवायच्या. त्याने वेग वाढतो, असं कुठेसं वाचलं होतं. (त्याच लेखात पुढे ‘सावधान’ अशा मथळ्याचा परिच्छेद होता. तो वाचायचा त्यांनी कंटाळा केला.)

एक ओळ बदलली आणि कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. बायकोला कळावं म्हणून त्या फोल्डरला त्यांनी मराठीत नाव दिलं, ‘तात्पुरते’. वर फर्मान काढलं, “आता हा बंद करायचा नाही, नुसता झोपवायचा.”

बायको शाळेत शिकवायची. शाळा सुरू व्हायला पंधरवडाच उरला होता आणि मोठ्या बाईंनी तिला सांगितलं होतं, “आधी तात्पुरतं वेळापत्रक करा, बुधवारी चारला आणून द्या.” चौदा वर्ग, बावीस शिक्षक, प्रयोगशाळा एक. जमलं तर पर्यवेक्षिकेचं पद तिला, नाही तर गणिताच्या बाई टपून बसल्याच होत्या. या पदाची तिने पाच वर्षं वाट पाहिली होती. नऊ दिवस ती पुटपुटत, खोडत, पुन्हा मांडत बसली. मागे खुर्चीत तिच्या सासूबाई स्वेटर विणत असायच्या. वेळापत्रक तात्पुरतं, समोर फोल्डरही ‘तात्पुरते’. तिने ते सरळ तिथे ठेवलं.

बुधवारी दुपारी एकला मेहुणा आला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे शॉर्टकटरावांचं त्याच्याशी जुनं वैर.

“दाजी, तुमचा कॉम्प्युटर फार पळतो म्हणे?”

“पळतो? उडतो! थांब, सुरू किती सेकंदांत होतो ते बघ.” आणि कुणी हात धरायच्या आत त्यांनी तो बंद करून पुन्हा चालू केला. “अकरा! मोजलेस ना? अकरा सेकंद!”

ओले हात पदराला पुसत बायको बाहेर आली. “सरका बघू, मला प्रिंट काढायचीय.” तिने फोल्डर उघडलं. आत काही म्हणजे काही नव्हतं.

“अहो, माझं वेळापत्रक कुठंय?”

“कुठे ठेवलं होतंस?”

“तात्पुरतेमध्ये.”

“अगं, तिथे कुणी कामाचं ठेवतं का?”

“तात्पुरतंच वेळापत्रक होतं ना ते! मग कुठे ठेवू, माळ्यावर?”

“ते फोल्डर मी मेमरीत हलवलंय.”

“मग आठवा आणि काढून द्या.”

“माझ्या नाही गं, कॉम्प्युटरच्या मेमरीत! तो बंद झाला की... म्हणजे... विसरतो.”

“विसरतो? अशा विसरभोळ्याकडे ठेवलंत? घरात एक होता तो कमी पडत होता का?”

मेहुण्याने मान हलवली. “ताई, डिस्कवर असतं तर खणून काढलं असतं. मेमरीतलं गेलं म्हणजे गेलंच.”

बायको मटकन खाली बसली. भांडली असती तर परवडलं असतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शॉर्टकटरावांना जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हुशारीची लाज वाटली. ते उगीचच कॉम्प्युटरवरची धूळ पुसू लागले.

“रडतेस कशाला?” सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. “घे कागद आणि लिही. चित्रकला आणि संगीत एकमेकींचं तोंड बघत नाहीत, म्हणून चित्रकलेला तिसरा तास मोकळा, संगीताला पाचवा. पीटीच्या सरांचे गुडघे दुपारी कुरकुरतात, त्यांचे तास सगळे सकाळी. विज्ञानाचे सर जेवले की पेंगतात, त्यांना प्रयोगशाळा जेवणाआधी...”

बायको थक्क झाली. नऊ दिवस ती वेळापत्रक पुटपुटत होती आणि सासूबाई मात्र बावीस माणसांच्या कुरबुरी ऐकत होत्या. त्या बाबतीत त्यांची मेमरी अजून कुणाला भरता आली नव्हती की पुसता आली नव्हती. एकदा गाडी सुरू झाल्यावर त्यांनी चौथीतल्या शॉर्टकटरावांचे गणितातले सात मार्कही मेहुण्याला ऐकवले.

“आई, ते राहू दे ना!”

“का? मला कुठे बंद-चालूचं बटण आहे?”

सासूबाई सांगत होत्या, सून राहिलेल्या जागा भरत होती, मेहुणा टाइप करत होता. शॉर्टकटरावांकडे प्रिंटरमध्ये कागद घालायचं काम आलं. (त्यांनी पहिला गठ्ठा उलटा घातला.) चारला दोन मिनिटं कमी असताना वेळापत्रक मोठ्या बाईंच्या टेबलावर पोचलं आणि शुक्रवारी घरात पर्यवेक्षिका आली.

शनिवारी शॉर्टकटराव मोठ्या उत्साहाने कॉम्प्युटरपुढे बसले. पडद्यावर बायकोचं नाव होतं, आईचं होतं. त्यांचं नव्हतं. तिसऱ्या जागी नुसतं लिहिलेलं, ‘पाहुणा’.

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, “ताईनेच करून घेतलं, दाजी. पाहुण्याने आत काहीही उद्योग करावेत, बाहेर पडला की सगळे आपोआप पुसले जातात.”

“बरं, बरं. तात्पुरतंच असेल ना हे?”

“छे!” आतून नव्या पर्यवेक्षिकाबाईंचा आवाज आला. “हे कायमचं.”