पोट सुटलेली वाट

वाट आखायची ती पट्टीनं नव्हे, पायांनी, असं तो छातीठोकपणे सांगायचा. शहरातल्या बागांचे नकाशे करणं हा त्याचा धंदा, आणि कचेरीत त्याला सगळे वाटाड्या म्हणत. बसथांबा आणि इस्पितळ यांच्यामधल्या ओसाड पटांगणाची बाग करायचं काम आलं, तेव्हा त्यानं नकाशात झाडं काढली, पावसाचं पाणी मुरायला खळगा काढला, आणि वाट मात्र काढलीच नाही. दोन महिने नुसतं गवत वाढू द्या, म्हणाला. माणसं जिथून चालतील तिथलं गवत आपसूक मरेल, मग तिथंच फरशी बसवू. डोकं खोटं बोलतं, पाय बोलत नाहीत.

हे काम उद्यानखात्याच्या मॅडमना पसंत पडलं, तर तळ्याकाठची बाग त्याच्या हाती येणार होती. त्या तळ्यावर तो पाच वर्षं डोळा ठेवून होता, चांगल्या स्थळावर उपवर मुलीचा बाप ठेवतो तसा.

दोन महिने तो रोज सकाळी पटांगणाच्या मधोमध बादली उपडी घालून, वही मांडीवर घेऊन बसला. पात्यावर दव, दवात सूर्य, सूर्याच्या पोटात साऱ्या जगाचं कौतुक. आणि एवढं कौतुक एकट्यानं कसं गिळायचं? येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून तो गांडुळांचे उपकार समजावून सांगायचा. पहिल्या आठवड्यात लोक थांबले. दुसऱ्यात सगळ्यांनाच घाईची कामं निघाली. लोकांची चाल सुधारली, असं त्यानं वहीत टिपलं.

दोन महिन्यांनी वाट उमटली. बसथांब्यापासून बाणासारखी सरळ निघालेली, मध्यावर येताच जेवून उठलेल्या माणसासारखं हे भलंमोठं पोट सुटलेली, आणि पुढं पुन्हा सरळ. वाटाड्या हरखला. जमिनीचा उतार, खालची ओल, वाऱ्याची दिशा, असं काहीतरी गूढ माणसांच्या तळव्यांना उमगलेलं असणार! त्यावर त्यानं अकरा पानी टिपण लिहिलं. फरशी बसवणाऱ्या गवंडीमामांनी विचारलं, मधे काय विहीर होती का? तर त्यांना म्हणाला, मामा, तुम्ही फरशा बसवा, निसर्गात ढवळाढवळ करू नका.

मॅडम पाहणीला आल्या. सरळ चालत आल्या, गोल फिरल्या, आणि पोटाच्या टोकाशी थांबल्या.

“हा वळसा कशाला?”

वाटाड्याला तेच हवं होतं. ओलीपासून सुरुवात करून तो वाऱ्यापर्यंत पोचला तोवर मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं, आणि पाळी संपवून बसकडे निघालेल्या एका नर्सला थांबवून तोच प्रश्न विचारला.

“वळसा होय,” नर्स म्हणाली. “अहो, इथं एक गृहस्थ बसायचे, बादलीवर. तावडीत सापडलं की अर्धा तास गांडुळं. मग आम्ही सगळे आपले लांबूनच...” एवढ्यात तिची नजर वाटाड्याकडे गेली. “अगंबाई,” असं पुटपुटून ती फरशी सोडून आणखी लांबून निघून गेली.

गवंडीमामांना खोकल्याची उबळ आली. वाटाड्याला वाटलं, धरणीनं दुभंगावं आणि गांडुळांनी तरी आपल्याला पोटात घ्यावं. तळं डोळ्यांदेखत आटत चाललं होतं. अकरा पानं त्यानं हळूच पाठीमागे नेली.

मॅडम मात्र विचारात पडल्या होत्या. त्यांनी पोटाचा घेर पावलांनी मोजला.

“चाळीस पावलं,” त्या म्हणाल्या. “आणि हे एकट्या माणसानं?”

मग त्यांनी सांगितलं, की तळ्याच्या पलीकडच्या काठाला पक्ष्यांची घरटी आहेत. माणसं तिकडं फिरकायला नकोत, आणि कुंपण घालावं तर कासवं अडकतात. बागेचं काम तुम्हालाच देते. पण पिल्लं उडेपर्यंत रोज सकाळी तिथं जाऊन बसाल का?

वाटाड्याचा चेहरा असा उजळला की जणू बक्षीसच मिळालं. बसेन की, म्हणाला, हवं तर संध्याकाळीही बसेन.

गवंडीमामांना राहवेना. “आणि पक्षी?” त्यांनी काळजीनं विचारलं.

“त्यांना आपलं बोलणं कळत नाही,” मॅडम म्हणाल्या. “नशीब त्यांचं.”